एका भोकाचा तीन तऱ्हेचा कचरा

पत्राचा गोषवारा: वाचक एका कंपनीत स्टोअरकीपर आहेत. घराच्या पोर्चला पत्रा आणि शटर घालून त्यांनी छोटं वर्कशॉप केलं आहे. दोन वर्षांपासून संध्याकाळी तिथे ते सागवानी नावाच्या पाट्या, किल्ल्यांचे स्टँड आणि देवघराच्या चौकटी करतात, त्यांत पितळी खुंट्या बसवतात. मुख्य यंत्र म्हणजे १३ मिमीचं बेंच ड्रिल (टेबलावर ठेवायचं भोकं पाडणारं मशीन). घरात अडीच वर्षांची मुलगी आहे आणि आईंना दमा आहे. गेल्या महिन्यात मुलीच्या तळपायात पितळेची चिप (भोक मारताना निघणारा धारदार कीस) रुतली, हिवाळ्यात आईंचा खोकला वाढला, आणि पत्नीने सांगितलं, "आता हे मशीन तरी राहील किंवा आम्ही तरी राहू." वाचक लिहितात, "मी हलगर्जी नाही. मास्क लावतो, हातमोजे घालतो, रोज रात्री कॉम्प्रेसरने हवा मारून मशीन लख्ख करतो, मग झाडून घेतो. तरी सकाळी हॉलमधल्या टीव्हीवर धूळ असतेच. ३८ हजारांचा डस्ट कलेक्टर (धूळ ओढणारं यंत्र) हप्त्यावर घेऊ, भाड्याने गाळा बघू, की मशीन विकून टाकू?"

नमस्कार,

तुमच्या लांब पत्रातलं एक वाक्य तुम्ही कंसात लिहिलं आहे आणि वाचताना मी तिथेच थांबलो. "पाट्यांच्या कडा घासायला ड्रिलच्या चकमध्येच सँडिंग ड्रम लावतो, वेगळं मशीन घेतलेलं नाही." चक म्हणजे भोक पाडणारा बिट पकडणारा जबडा, आणि सँडिंग ड्रम म्हणजे पॉलिशपेपर गुंडाळलेला फिरता दंडगोल. या ओळीकडे आपण लवकरच परत येऊ. पण आधीच सांगून ठेवतो की टीव्हीवरची धूळ बहुतेक तिथून येते, भोकांमधून नाही.

मी बावीस वर्षं आयटीआयमध्ये फिटर ट्रेडच्या मुलांना शिकवलं. नव्या बॅचला पहिल्याच आठवड्यात तीन तुकडे द्यायचो: एक बिडाचा, एक माइल्ड स्टीलचा आणि एक सागाचा. तिन्हींत एकाच मापाचं होल मारायचं आणि निघालेला कचरा तीन वेगळ्या कागदांवर गोळा करायचा. बिडाची काळी भुकटी निघायची, बोटाला लागली की पेन्सिलीच्या शिशासारखी पसरणारी. स्टीलची स्प्रिंगसारखी वेटोळी यायची, गरम आणि धारदार. सागाचे पापुद्रे आणि भुसा. मग मी विचारायचो, यांतलं सगळ्यांत घातक काय? सगळी मुलं स्टीलकडे बोट दाखवायची. ते चूक नव्हतं, पण चौथा कचरा कागदावर आलेलाच नसायचा. तो हवेत असायचा.

तुमच्या पत्रात "धूळ" हा शब्द सतरा-अठरा वेळा आला आहे आणि प्रत्येक वेळी त्याचा अर्थ वेगळा आहे. मुलीच्या पायात रुतली ती चिप. चपलेला चिकटून स्वयंपाकघरापर्यंत गेला तो भुसा. टीव्हीवर बसते ती पूड. तिन्ही जन्मतात वेगळ्या कारणाने, जातात वेगळ्या वाटेने आणि त्यांना अडवायचं साधनही वेगळं असतं. एक महागडं यंत्र आणलं की तिन्ही जातील असं तुम्ही गृहीत धरलं आहे. तो कलेक्टर भुसा उत्तम ओढेल. पूड किती अडवेल हे त्याच्या फिल्टरवर ठरेल. आणि चिपेच्या बाबतीत तो उलट धोका वाढवू शकतो. तो कसा, ते पुढे येईलच.

आधी पुडीबद्दल. तुम्ही लहानपणी कौलांमधून पडणारा कवडसा पाहिला असेलच. त्यात नाचणारे कण एरवीही तिथेच असतात, फक्त तेव्हा दिसतात. आज रात्री हवा मारून, झाडून झाल्यावर पोर्चमधले दिवे बंद करा आणि एक चांगला टॉर्च आडवा धरून त्याच्या झोताकडे बाजूने पाहा. हीच तपासणी वहिनींना बरोबर घेऊन करा. लख्ख पुसलेल्या मशीनभोवती काय तरंगतंय ते दोघांनाही एकदमच दिसेल.

हे कण किती वेळ तरंगतात हे कळलं की टीव्हीचं कोडं सुटतं. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाडीचा असतो; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. दहा मायक्रॉनचा कण स्थिर हवेत दीड मीटर उंचीवरून जमिनीवर यायला आठ-दहा मिनिटं घेतो. एक मायक्रॉनच्या कणाला तेच अंतर उतरायला जवळजवळ अर्धा दिवस लागतो. तुम्ही रात्री दहाला झाडून शटर ओढता आणि आतलं दार उघडता, तेव्हा हवेत चढवलेली पूड हॉलमध्ये येते आणि पहाटेपर्यंत सावकाश खाली बसते. सकाळी वहिनींना जी दिसते ती ही. जी बसलेलीच नाही, ती त्यांना दिसत नाही आणि आईंच्या श्वासात जाते.

आता तो कंस. ड्रिल बिट लाकूड कापतो, तासतो. त्याचे तुकडे बहुतेक जड असतात आणि खाली पडतात. सँडिंग ड्रम लाकूड कापत नाही, खरवडून त्याची पूड करतो. दहा मिनिटं ड्रम फिरवला तर दिवसभराच्या भोकांपेक्षा जास्त बारीक धूळ उडते. तुम्ही दोन्ही कामं एकाच मशीनवर करता म्हणून दोष ड्रिलच्या माथी आला आहे. एमडीएफ (लाकडाचा लगदा चिकटवून दाबलेली फळी) किंवा प्लायला होल मारत असाल तर मात्र तिथेही बारीक पूड येते, शिवाय त्यांच्या चिकट रेझिनमध्ये फॉर्माल्डिहाइड हे श्वासाला त्रास देणारं रसायन असतं. पाट्यांच्या पाठीला एमडीएफ लावण्याचा विचार तुम्ही लिहिला आहे. माझं मत, लावू नका. सागाचं पातळ फळकूटच लावा, महाग पडलं तरी.

तुम्हाला घाबरवायचं नाही, पण माहीत असायला हवं म्हणून लिहितो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं. हा धोका मुख्यतः नाकाचा आणि नाकामागच्या पोकळ्यांचा आहे, आणि तो वर्षानुवर्षं धुळीत काम करणाऱ्यांमध्ये दिसला आहे. साग आणि शिसवाची धूळ काहींच्या त्वचेला, डोळ्यांना, श्वासनलिकेला खाजवते आणि एकदा शरीराला त्याचं वावडं झालं की पुढे थोड्या धुळीनेही त्रास होतो. सुतारकाम करणाऱ्यांत दमा हा जुना, नोंदलेला आजार आहे. ज्यांना आधीच दमा आहे त्यांच्या घरात ही पूड जाता कामा नये. यात तडजोड नको.

आईंचा खोकला तुमच्या धुळीनेच वाढला, असं मात्र मी म्हणणार नाही आणि तुम्हीही ते मनाशी ठरवून टाकू नका. हिवाळा, उदबत्ती, शेजारी जाळलेला कचरा, काहीही असू शकतं. एक साधी वही करा. कुठल्या दिवशी किती वेळ घासकाम केलं, आणि त्या रात्री व दुसऱ्या दिवशी आईंना किती वेळा पंप घ्यावा लागला. तीन आठवडे लिहा आणि ती वही त्यांच्या छातीच्या डॉक्टरांना दाखवा. घरात सुतारकाम चालतं हे आजवर डॉक्टरांना सांगितलेलं नसेल, तर ते आधी सांगा.

"मी मास्क लावतो" हे वाक्य तुमच्या पत्रात तीनदा आहे. मास्क तुमच्या नाकावर आहे, आईंच्या नाही. तुम्ही स्वतःला वाचवलंत आणि धूळ जशीच्या तशी घरात सोडलीत. तरीही मास्क हवाच, आणि तो कापडी नको. पाकिटावर आयएस ९४७३ हा भारतीय मानकाचा क्रमांक आणि एफएफपी२ लिहिलेलं पाहून घ्या. दाढी वाढलेली असेल तर कडेने हवा आत शिरते आणि मास्क निम्मा निकामी होतो. आणि काम थांबलं की लगेच तो उतरवू नका. हवा तेव्हाच सर्वांत धुळकट असते.

आता त्या कॉम्प्रेसरविषयी. हवा मारून स्वच्छता करायची सवय आपल्याकडे इतकी रुजली आहे की मशीन चमकलं म्हणजे जागा स्वच्छ झाली असं वाटतं. एअर गनने काहीही नाहीसं होत नाही, फक्त जागा बदलते. खाली बसलेली पूड पुन्हा हवेत चढते. चिप कपाटाखाली, दाराच्या फटीत, पायपुसण्यात जाऊन बसते. मुलीच्या पायात रुतलेली चिप तुम्हीच तिच्या वाटेवर नेऊन ठेवली असण्याची शक्यता मोठी आहे. हे वाचून वाईट वाटेल, पण तुम्ही प्रामाणिकपणे विचारलंय म्हणून स्पष्ट लिहितो. शिवाय हवेचा झोत बारीक कचरा मशीनच्या आतही ढकलतो. बेंच ड्रिलच्या स्पिंडलमध्ये (फिरत्या दांड्यात) चकचा निमुळता दांडा नुसत्या घट्ट बसण्यावर टिकलेला असतो; त्या निमुळत्या भागात जराशी पूड गेली तरी चक एखाद्या दिवशी फिरता फिरता निसटून खाली येतो. एअर गन कॉम्प्रेसरपासून सोडवून माळ्यावर ठेवा. कोरड्या झाडूचंही तेच. भुसा उचलायचा तर आधी लाकडाच्याच भुशात थोडं पाणी शिंपडून तो ओलसर भुसा फरशीवर पसरा आणि मग ओढून घ्या. बारीक पूड त्याला चिकटून येते. शेवटी ओलं फडकं.

मग ओढून का घ्यायची नाही? घ्यायचीच, पण कुठे, हे महत्त्वाचं. देवासमोरचं निरांजन हातभर अंतरावरून फुंकर मारून विझतं. तेच श्वास आत ओढून विझवायला गेलात तर तोंड ज्योतीला टेकवावं लागेल. फुंकलेली हवा सरळ लांब जाते; ओढलेली हवा सगळ्या बाजूंनी येते आणि म्हणून तिचा जोर लगेच सरतो. नळीच्या तोंडाचा व्यास ५० मिमी असेल, तर तोंडापासून ५० मिमी अंतरावरच हवेचा वेग साधारण दहाव्या हिश्श्यावर येतो. म्हणजे ३८ हजारांचा कलेक्टर टेबलापासून वीतभर लांब ठेवलात तर तो फक्त आवाज करील. आणि तीन-चार हजारांचा साधा ओला-सुका व्हॅक्यूम क्लीनर बिटपासून तीन-चार बोटांवर धरलात तर भुसा पडायच्या आत ओढेल.

१९४८च्या कारखाने अधिनियमाच्या चौदाव्या कलमात धुळीबद्दल हेच लिहिलं होतं: धूळ ओढणारं साधन लावायचं असेल तर ते धूळ जिथे जन्मते त्या जागेच्या शक्य तितक्या जवळ लावावं आणि ती जागा शक्य तितकी बंदिस्त करावी. घरच्या पोर्चला तो कायदा लागत नव्हता, पण मला आजही यापेक्षा नेमका सल्ला सुचत नाही.

तुमच्या ड्रिलचं टेबल बिडाचं आहे, म्हणजे त्यावर लोहचुंबक चिकटतो. डायल इंडिकेटर या मापयंत्रासाठी मिळतो तसला चुंबकाचा स्टँड घ्या, त्याच्या दांड्याला नळीचं तोंड क्लॅम्पने बांधा. एक होल मारून भुसा कुठल्या अंगाला जास्त फेकला जातो ते पाहा आणि तोंड त्या बाजूला, बिटच्या मागे, लावा. व्हॅक्यूम स्वतः शटरबाहेर ठेवा, त्याची हवा बाहेरच्या बाजूला सुटेल अशी. घरगुती व्हॅक्यूमची पिशवी भुसा धरते आणि बारीक पूड मागून परत हवेत सोडते. आत ठेवायचाच असेल तर हेपा फिल्टरचा, म्हणजे अगदी बारीक कणही अडवणारा हवा. मध्ये रंगाचा २० लिटरचा रिकामा डबा बसवा: झाकणाला दोन भोकं, एका नळीतून कचरा डब्याच्या भिंतीलगत तिरका आत शिरेल अशी, दुसरी झाकणाच्या मधोमध व्हॅक्यूमकडे जाणारी. हवा आत गरगरते, जड भुसा डब्यात पडतो आणि फिल्टर आठवड्याला चोंदत नाही. झाकणाची कड हवाबंद झाली पाहिजे, नाहीतर सगळा जोर तिथूनच निसटतो.

घासकामासाठी मात्र एवढ्यावर भागणार नाही. टेबलावर ठेवायला प्लायची एक उथळ पेटी करा, वरच्या फळीला ड्रमपेक्षा किंचित मोठं गोल भोक, ड्रमचा खालचा भाग त्या भोकात उतरलेला, आणि पेटीच्या मागच्या बाजूला व्हॅक्यूमची नळी. पाटीची कड फळीवर टेकवून घासायची, पूड भोकाभोवतीच्या फटीतून खाली ओढली जाते. तरीही वर थोडी उडतेच. म्हणून घासकाम आठवड्यातून एकदाच, शटर पूर्ण वर करून, आतलं दार बंद ठेवून आणि त्याच्या खालच्या फटीत ओलं पोतं लावून करा, आई हॉलमध्ये नसताना. त्यानंतर दोन तास ते दार उघडायचं नाही. वाऱ्याची दिशा घराकडे असेल त्या दिवशी काम पुढे ढकला.

भुसा मशीनवर आणखी एक खोडी करतो, जिच्याबद्दल तुम्ही वेगळा प्रश्न विचारला आहे: "सहा पाट्या एकाच मापाने मारल्या तरी भोकं जुळत नाहीत." ज्या आडव्या पट्टीला टेकवून तुम्ही पाटी सरकवता, तिच्या आणि टेबलाच्या कोपऱ्यात भुसा दाबून बसतो. पाटी पट्टीला टेकलीय असं वाटतं, प्रत्यक्षात ती मिलिमीटरभर अलीकडे असते. त्या पट्टीच्या खालच्या कडेला लांबीभर तीन मिमीची खाच मारा. भुसा खाचेत जातो, पाटी पट्टीलाच टेकते. पाटीखाली दरवेळी एक टाकाऊ फळी ठेवा म्हणजे खालच्या बाजूचे तंतू फाटणार नाहीत, आणि ती फळी प्रत्येक होलनंतर ब्रशने झटका.

आता चिप, म्हणजे धातू. इथे व्हॅक्यूम लावू नका. ओल्या-सुक्या कुठल्याही व्हॅक्यूमच्या पोटात लाकडाचा भुसा असताना स्टीलची गरम चिप आत गेली तर भुसा आतल्या आत धुमसायला लागतो, आणि ते तुम्हाला बऱ्याच वेळाने, सगळे झोपल्यावर कळतं. तुमच्या कलेक्टरच्या बेताबद्दल मला जी सर्वांत मोठी शंका आहे ती हीच: तुम्ही एकाच टेबलावर एका संध्याकाळी साग आणि धातू दोन्ही मारता. दिवस वाटून घ्या. मंगळवारी फक्त धातू, बाकी दिवस लाकूड, आणि मधे टेबल पूर्ण झाडून. पॉलिशला उकळलेलं जवसाचं तेल वापरता, रंगारी ज्याला बेलतेल म्हणतात. त्या तेलाने भिजलेल्या चिंध्या भुशाच्या डब्याजवळ चुरगळून टाकू नका. त्या आपोआप तापून पेट घेतात. उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा.

धातूसाठी गोडेतेलाचा पंधरा किलोचा रिकामा डबा कापून तीन बाजूंचा आडोसा करा, कडा दुमडून ठोकून घ्या. टेबलावर बिटच्या मागे आणि दोन्ही अंगांना तो उभा राहिला की चिप तिथेच पडते. समोरच्या बाजूला पॉलीकार्बोनेटचा पारदर्शक तुकडा बिजागरीवर लावता आला तर उत्तम. खाली ट्रे. चिप उचलायला दोन इंची रंगाचा ब्रश आणि तीन मिमी तारेचा एक आकडा, बस. स्टीलची चिप चुंबकाने उचला, पण चुंबक आधी प्लास्टिकच्या पिशवीत घाला. चिप पिशवीच्या बाहेरून चिकटते, डब्यावर नेऊन पिशवी उलटी करून चुंबक बाहेर ओढला की सगळी चिप पिशवीत राहते. उघड्या चुंबकाला चिकटलेली चिप बोटांनी सोडवत बसण्यात अनेकांची बोटं फाटली आहेत. पितळ आणि अ‍ॅल्युमिनियमला चुंबक लागत नाही, तिथे ब्रशच.

पितळेबद्दल एक गोष्ट तुमच्या घरासाठी विशेष महत्त्वाची. तुम्ही खुंट्यांसाठी बाजारातली पितळेची सळई वापरता. सहज कापली जावी, चिप लांब न निघता तुटून यावी म्हणून त्या पितळेत साधारण दोन ते साडेतीन टक्के शिसं मिसळलेलं असतं. त्यामुळे तिची चिप आखूड, सुईसारखी आणि दूर उडणारी असते. ती मुलीच्या पायात गेली यात नवल नाही. पायातली चिप तुम्ही काढली आहे. माझी खरी काळजी वेगळी आहे. तुम्ही काम संपवून त्याच शर्टाने मुलीला उचलून घेता, असं तुम्ही प्रेमाने लिहिलं आहे. अडीच वर्षांचं मूल सगळं तोंडात घालतं आणि शिसं लहान मुलांच्या वाढत्या मेंदूला थोड्या प्रमाणातही अपाय करतं. वर्कशॉपसाठी एक शर्ट, एक पँट आणि एक चप्पल वेगळी ठेवा; ती दाराच्या आत येणार नाही. साबणाने हात कोपरापर्यंत धुवा, कपडे बदला, मग लेकीला घ्या. तो शर्ट घरच्या कपड्यांबरोबर धुवायला टाकू नका. बालरोगतज्ज्ञांकडे पुढच्या वेळी जाल तेव्हा पितळेच्या कामाचा उल्लेख करा आणि रक्तातल्या शिशाची तपासणी करायची गरज आहे का, ते त्यांनाच विचारा.

आणि हातमोजे. हे मी विनंती म्हणून लिहीत नाही. फिरत्या ड्रिलजवळ हातमोजे घालायचे नाहीत. चिपेपासून हात वाचावा म्हणून तुम्ही ते घालता; हेतू चांगला, पण परिणाम उलटा. मी शिकवायला लागलो त्याआधी एका छोट्या वर्कशॉपमध्ये काम करत होतो. माझ्या शेजारच्या मशीनवरच्या मुलाने सुती मोजा घातलेल्या हाताने स्टीलचं वेटोळं बाजूला सारलं. वेटोळं बिटला जोडलेलंच होतं. मोज्याचा धागा त्यात अडकला आणि बिटने मोजा गुंडाळला, आतल्या तर्जनीसकट. उघड्या हाताला कापलं असतं, चार टाके पडले असते. त्याचं बोट गेलं. मनगटावरचा दोरा, कडं, सैल बाही, गळ्यातला मफलर, यांचंही तेच. चिप काढायची ती मशीन थांबवून, आकड्याने. मोजे घालायचे ते नंतर, ट्रे रिकामा करताना.

चष्म्याचा उल्लेख तुमच्या पत्रात कुठेच नाही. डोळ्यांच्या बाजूही झाकणारा गॉगल आजच घ्या. माझ्या उजव्या डोळ्यात लोखंडाचा एक कण गेला तो होल मारताना नाही; काम संपवून गॉगल कपाळावर सरकवला आणि टेबलावर तोंडाने फुंकर मारली तेव्हा. कण डॉक्टरांनी काढला, पण एका रात्रीत त्याच्याभोवती बुबुळावर गंजाचं कडं धरलं होतं, ते खरवडायला पुन्हा जावं लागलं. तुम्हीही भोकातला भुसा फुंकून काढता, असं लिहिलंय. वाकून, डोळे भोकापासून वीतभरावर. त्याऐवजी जुना दात घासायचा ब्रश वापरा.

आता ज्या गृहितकाकडे कुणीच पाहत नाही, ते सांगतो. आपण धरून चालतो की इतकी भोकं म्हणजे इतका कचरा, ठरलेलाच. तसं नाही. किती पूड आणि किती चिप हे बिटची धार आणि वेग ठरवतात. तुम्ही लिहिता की वेग बदलायला पट्टा बदलावा लागतो, त्याचा कंटाळा येतो म्हणून सगळं वरच्याच वेगावर चालतं. १३ मिमीच्या बेंच ड्रिलवर वरचा वेग मिनिटाला अडीच हजार फेऱ्यांच्या आसपास असतो. हायस्पीड स्टीलच्या ८ मिमी बिटने माइल्ड स्टील मारायला साधारण हजार फेऱ्या हव्यात, १२ मिमीला साडेसहाशे. हिशेब सोपा आहे: पंचवीस हजाराला ३.१४ आणि बिटच्या मिलिमीटरमधल्या व्यासाने भागा. पितळेला याच्या जवळजवळ दुप्पट वेग चालतो. सागात ३५ मिमीच्या फोर्स्टनर बिटला (रुंद, सपाट बुडाची भोकं पाडणाऱ्या) पाचशेच्या पुढे जाऊ नका. अडीच हजारावर तो बिट कापत नाही, घासतो. लाकूड काळं पडतं, जळका वास येतो आणि पापुद्र्यांऐवजी तपकिरी पूड निघते. ती पूड म्हणजे बिट मागत असलेली मदत आहे. सागात वाळूसारखी सिलिका असते, तो बिटची धार लवकर खातो. दर चाळीस-पन्नास भोकांनंतर धार पाहा.

स्टीलमध्ये हातभर लांब वेटोळं येऊ देऊ नका. हँडल एकसारखं दाबत राहण्याऐवजी थोडं दाबा, क्षणभर सोडा, पुन्हा दाबा. प्रत्येक वेळी चिप तुटते, आखूड तुकडे ट्रेमध्ये पडतात. खोल भोकात बिट मधून मधून पूर्ण वर घ्या म्हणजे खोबणीत साठलेला कचरा बाहेर येतो. थेंबभर कटिंग ऑइल टाका. चिप थंड राहते आणि उडत नाही.

पैशाचं. कलेक्टर आत्ता घेऊ नका. वर लिहिलेल्या साध्या व्हॅक्यूमसकट हे सगळं सहा-सात हजारांत बसेल असा माझा अंदाज आहे. दोन महिने करून पाहा. टॉर्चची तपासणी दर आठवड्याला करा आणि हॉलमधल्या टीव्हीजवळ एक काळी काच रात्रभर ठेवून सकाळी बोट फिरवून पाहा. भोकांचं काम पोर्चमध्ये निभावून जाईल याची मला जवळपास खात्री आहे. घासकामाची तशी खात्री मी देणार नाही. काच पुसट होतच राहिली, किंवा वहीतल्या नोंदी पाहून डॉक्टरांनी सांगितलं, तर घासकाम घराबाहेर गेलं पाहिजे. त्यासाठी पूर्ण गाळा लागत नाही. जवळपासच्या एखाद्या सुताराकडे बेल्ट सँडर असतोच. महिन्याच्या पाट्या एका दिवशी तिथे घासून आणा, त्याला तासाचे पैसे द्या. गाळ्याचं भाडं आणि कलेक्टरचा हप्ता दोन्ही डोक्यावर घेतलेत तर ऑर्डरी वाढवाव्या लागतील, रात्री उशिरापर्यंत काम करावं लागेल, आणि थकलेल्या हाताने ड्रिल चालवणं हा या सगळ्यांपेक्षा मोठा धोका आहे.

मशीन विकायचं का, हे तुम्ही शेवटी विचारलंत. मला वाटतं, वहिनींनी ते मागितलेलंच नाही. दोन वर्षं त्या "धूळ येते" म्हणत होत्या आणि तुम्ही "झाडलंय" म्हणत होतात. दोघंही खरं बोलत होतात. त्या बसलेल्या धुळीबद्दल, तुम्ही फरशीबद्दल. पत्रात तुम्ही त्यांच्या बोलण्याला "त्रागा" म्हटलं आहे. तो शब्द मागे घ्या. टीव्हीवरची धूळ दोन वर्षं रोज पाहणारी तुमच्या घरातली ती एकमेव व्यक्ती आहे. ती काळी काच त्यांच्या हवाली करा. कुठल्या दिवशी काम करायचं नाही, हे ठरवण्याचा अधिकार त्यांना द्या, आणि त्यांनी "आज नको" म्हटलं की कारण न विचारता शटर खाली ओढा.

गोळा झालेल्या कचऱ्याचं काय करायचं, असंही विचारलंत. नुसत्या सागाचा भुसा कोरडा ठेवून सांडलेलं तेल टिपायला वापरा. प्लाय-एमडीएफचा भुसा कुंडीत घालू नका आणि बंबात जाळू नका. स्टीलची आणि पितळेची चिप वेगवेगळ्या डब्यांत ठेवा. पितळेला भंगारात चांगला भाव येतो, पण त्यात लोखंड मिसळलेलं असलं तर भंगारवाला चुंबक फिरवून पाहतो आणि सगळ्याचाच भाव पाडतो. पितळेचा डबा फिरकीच्या घट्ट झाकणाचा घ्या आणि तुमच्या खांद्यापेक्षा उंच फळीवर ठेवा. त्यातली चिप सोन्यासारखी चमकते, आणि तुमची लेक आता खुर्ची ओढून वर चढायच्या वयात आली आहे.